पाच वर्षांची गॅरंटी

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी दाराची चौकट ठोकतो आणि मग बोलायला लागतो. खिशात कायम एक स्क्रू-ड्रायव्हर असतो, त्याची मूठ लाकडावर दोनदा आपटायची. आवाज भरीव आला तर लाकूड धडधाकट, पोकळ आला तर आत वाळवी. एकतीस वर्षं मी वाळवीचं औषध मारतोय, त्यामुळे ही सवय आता अंगात मुरली आहे. बायको अजून सगळ्यांना सांगते की पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा मी तिच्याआधी तिच्या कपाटाकडे बघितलं आणि त्यावर टकटक केली. कपाट पोकळ निघालं होतं, हे मात्र ती कधी सांगत नाही.

माझी ताई मला ठोक्या म्हणते. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला आंघोळ घालण्यापासून माझ्या मारामाऱ्या निस्तरण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. जगात मी फक्त तिला घाबरतो.

गावाच्या टोकाला ताईची नर्सरी आहे. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ती सुरू केली. रोपं काय, कुठल्याही नर्सरीत मिळतात. ताईकडे लोक लांबून यायचे ते मातीसाठी. मागच्या अंगाला पाचोळ्याचा एक ढीग होता, माझ्या छातीएवढा उंच आणि एखाद्या खोलीएवढा रुंद. गळलेली पानं, काटक्या, पुठ्ठ्याची खोकी, मोडक्या फळ्या, सगळं वरून टाकायचं आणि खालून काळीभोर, भुसभुशीत माती काढायची. भाऊजींचा एकच नियम होता. ढीग तळापर्यंत कधी उपसायचा नाही. खालचा हातभर थर ठेवायचाच.

"ते विरजण आहे," ते म्हणायचे. "सगळे कामगार तिथे राहतात. मालकाने कामगारांचं घर मोडायचं नसतं."

कामगार म्हणजे किडे. पानांची जाळी करणारे ठिपक्याएवढे किडे, पैशासारखे गुंडाळून बसणारे वाणी, भुंगेऱ्यांच्या जाड पांढऱ्या अळ्या, मुंग्या, आणि लाकूड नि पुठ्ठा फस्त करायला वाळवी. भाऊजी मला मुद्दाम त्या ढिगाशेजारी बसवायचे, पोखरलेली एक काठी माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घ्या साहेब, तुमचं गिऱ्हाईक." मी हसायचो, पण खरं सांगतो, मला तो ढीग अजिबात आवडायचा नाही. दिवसभर जिच्याशी झुंजायचं तिचा बहिणीच्या घरी पाहुणचार चाललेला बघायचा, हे कुणाला आवडेल?

भाऊजी गेले त्याला चार वर्षं झाली. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांनी घातलेलं ते विरजण ताईने तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. रोज सकाळी चहा झाला की ती ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायची. आत ऊब लागली, बोटांशी वळवळ जाणवली की तिचा दिवस सुरू व्हायचा. भाऊजींशी बोलणं व्हायचं तिचं, असं मला वाटतं. तिने तसं कधी म्हटलं नाही.

मागच्या वर्षी ताईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. दोन महिने ती मुलीकडे राहायला गेली. नर्सरीच्या किल्ल्या माझ्या हातात देताना म्हणाली, "रोपांना पाणी घाल. बाकी कशाला हात लावू नकोस."

मी हो म्हणालो. आणि मनापासून म्हणालो होतो.

दुसऱ्याच आठवड्यात अवजारांच्या शेडच्या खांबावर मला बोटभर रुंदीची मातीची नळी दिसली. वाळवी उजेडात येत नाही, ती स्वतःसाठी मातीचा बोगदा बांधत वर चढते. मी मूठ आपटली. पोकळ. आमच्या धंद्यात एक परीक्षा असते. नळी मध्येच अंगठ्याएवढी फोडायची आणि चार दिवसांनी बघायचं. तुटलेली जागा बुजवलेली दिसली तर वसाहत जिवंत आहे. चार दिवसांनी गेलो, जागा बुजवलेली होती. खांब चार होते आणि छप्पर होतं पत्र्याचं. ताई नव्या गुडघ्यांनी त्या शेडखाली उभी आहे आणि खांब बसतोय, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं.

नुसत्या खांबांना औषध मारलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मला अर्धवट काम करता येत नाही. नळी गेली होती ढिगाकडे. मूळ तिथे, मग फांदीवर औषध मारून काय उपयोग? ताईचं आयुष्यभराचं ऋण फेडायची हीच संधी, असंही कुठेतरी वाटत होतं. मी दुकानातून मोठा पंप आणला, सगळ्यात महागाचं औषध आणलं. शेड, कुंपण, वाफ्यांच्या कडा, आणि ढिगात हातभर अंतरावर सळई खुपसून थेट तळापर्यंत. दोन दिवस लागले. पाठ मोडली.

ताईला फोन करून सांगितलं, "कोपरान् कोपरा केलाय. पाच वर्षं तिथे काही जगणार नाही. माझी गॅरंटी."

तिकडे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. "काय केलंयस?" तिने विचारलं. "नीट ऐकू येत नाहीये. आल्यावर बघते."

ती आली त्या दिवशी मी शेड झाडून ठेवली होती. ती काठी टेकत टेकत थेट मागे गेली. शेडकडे बघितलंसुद्धा नाही. काठी माझ्या हातात दिली, बाही वर केली आणि ढिगात हात घातला. बराच वेळ तिने तो आत ठेवला. मग बाहेर काढला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे बघितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी ती ओरडायची आणि पाच मिनिटांत जेवायला हाक मारायची. ह्या वेळी तिने फक्त बोट दाखवलं. ढिगाच्या पायथ्याशी एक मेलेली चिमणी पडली होती.

"ही कधीची?"

"असेल आठ-दहा दिवसांची," मी म्हणालो. मी ती रोज बघत होतो.

"मग मुंग्या कुठे आहेत?"

मी खाली वाकलो. चिमणीचं एक पीसही जागचं हललेलं नव्हतं. मुंगी नाही, माशी नाही, अळी नाही. वाळून कागदासारखी झाली होती आणि तशीच पडली होती. मी वर ढिगाकडे बघितलं. दीड महिन्यापूर्वी गळलेली पानं जशी पडली तशी, देठासकट, कोरडी ठणठणीत. दीड महिना मी रोज इथे पाणी घालत होतो आणि जागा किती स्वच्छ आहे म्हणून स्वतःवर खूश होत होतो. एकतीस वर्षं मी मारलेलं औषध कसं काम करतं ते मला तोंडपाठ होतं. किड्यांचं काम थांबतं तेव्हा मागे काय उरतं, हे मी कधी थांबून बघितलं नव्हतं.

"हे त्यांच्या हातचं शेवटचं होतं, ठोक्या," ताई म्हणाली आणि काठी घेऊन घरात गेली.

पुढचे दिवस मला आठवायला नको वाटतात. लोक पिशव्या घेऊन मातीसाठी यायचे आणि ताई त्यांना परत पाठवायची. विषारी माती ती कुणाला देणार? गेल्या वर्षीच्या मातीची पोती होती, त्यांवर तिने तिच्या रोपांचं कसंबसं भागवलं. माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. पाणी झालं का, दार लावलंस का. मी रोज जायचो आणि रोज तेवढंच ऐकून यायचो. बायको म्हणाली, माफी मागा. मी तीनदा मागितली होती. ताई तिन्ही वेळा "असू दे" म्हणाली होती, आणि ते "असू दे" ऐकून मला मागितल्याचाच पश्चात्ताप झाला होता.

मग एक दिवस पोती झटकता झटकता तिने सांगून टाकलं. "मुलगी खोली रिकामी करतेय माझ्यासाठी. पुढच्या लागवडीपर्यंत माती झाली तर झाली. नाही झाली तर मी जाते तिच्याकडे. दुसऱ्याची माती आणून नर्सरी चालवायची माझी इच्छा नाही."

लागवडीला नऊ महिने होते. भाची राहते ते शहर इथून दीड दिवसाच्या वाटेवर. ताई गेली की वर्षातून एकदा भेट, आणि मग फोन, आणि मग ती फोनवरसुद्धा "ऐकू येत नाहीये" म्हणणार. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, पण त्या दिवशी घरी जाताना मला चक्क रडू आलं.

विरजण गेलं की माणूस काय करतो? शेजारी जाऊन मागून आणतो. एवढी साधी गोष्ट मला सुचायला आठवडा लागला. भाऊजी मागेल त्याला घमेलंभर विरजण द्यायचे. कुणाकुणाला दिलं ते मला ठाऊक होतं, कारण त्यांतले बरेच जण पुढे माझी गिऱ्हाईकं झाले होते. पहिल्याच्या अंगणात आता सिमेंट होतं. दुसऱ्याकडे गेलो, तर त्याने मला मोठ्या प्रेमाने आत बोलावलं आणि म्हणाला, "तुम्हीच नाही का तीन वर्षांपूर्वी औषध मारून गेलात? एक किडा दिसलेला नाही तेव्हापासून. फार पक्कं काम." मी त्याचा चहा कसाबसा संपवला.

तिसऱ्या होत्या ड्रॉइंगच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या चौकटींना मी औषध मारलं होतं आणि भिंतीला टेकून असलेला पाचोळ्याचा ढीग बघून त्यांना चांगलं तासभर व्याख्यान दिलं होतं. हे जाळून टाका, नाहीतर मी जबाबदार नाही. बाईंनी पुढच्या खेपेला "जाळला" म्हणून सांगितलं होतं. मी नुसतं विचारायला गेलो होतो, की दुसऱ्या कुणाकडे असेल का.

बाई खुर्चीवरून उठल्या आणि दाराशी गेल्या. "या," म्हणाल्या.

न्हाणीघराच्या मागे, जिथे मी चौकटी तपासायला कधीच गेलो नसतो अशा जागी, तो ढीग होता. कमरेएवढा. बाईंनी वरचा पाचोळा काठीने बाजूला केला. खाली पानांची जाळी झालेली, त्याखाली काळी माती, आणि सगळं हलत होतं.

"तुमच्या भाऊजींनी स्वतः आणून दिलं होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या सांगण्यावरून जाळते की काय मी? भिंतीपासून हलवलं, इकडे आणलं. तुम्ही येणार असलात की वर चटई टाकायची."

"खोटं बोललात तुम्ही माझ्याशी."

"चक्क. आणि नऊ वर्षं." त्या हसल्या. "किती घमेली हवीत?"

चार घेतली. पण घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न होताच. ताईच्या आवारात टाकलं तर माझ्या गॅरंटीने ते आठवडाभरात मेलं असतं. इथे मला ताईसमोर उभं राहून एक गोष्ट कबूल करावी लागली, जी मी अख्ख्या आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकापुढे केली नसती.

"ताई, मी कोपरान् कोपरा केला म्हणालो ना, ते खोटं होतं. टाकीच्या मागे, जुन्या फाटकापलीकडे पाइप पुरला नाही. पाठ दुखत होती. पंप उचलून न्यायचा मी कंटाळा केला."

ताई रोपांची छाटणी करत होती. कात्री थांबली.

"म्हणजे तिकडची जमीन..."

"हातही लागलेला नाही."

तिने जुन्या फाटकाकडे बघितलं. मग म्हणाली, "आळशी मेला," आणि तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेल्यासारखा मला वाटला. दोन महिन्यांत मिळालेली ती पहिली शिवी. मी ती घेऊन नाचतच टाकीमागे गेलो.

जुन्या ढिगाभोवती चर खणून मी त्यावर जाड ताडपत्री घातली. तो आता तसाच पडून राहणार, माझी गॅरंटी संपेपर्यंत. टाकीमागे बाईंची चार घमेली पसरली, वर गावभरातून गोळा केलेला पाचोळा, काटक्या, खोकी. कामावरून येताना मी आधी घरी जायचो, आंघोळ करायचो, धुतलेले कपडे घालायचो आणि मग नर्सरीत जायचो. चपला फाटकाबाहेर काढायच्या. अंगाला औषधाचा वाससुद्धा नको. बायको म्हणायची, "एवढं तर आपल्या पोरांना पहिल्यांदा बघायला जातानाही केलं नव्हतंत."

बसायला म्हणून खोक्याच्या फळ्यांचं एक स्टूल ठोकून घेतलं. माझ्या घरात औषध न लावलेलं लाकूड सापडणं मुश्कील, म्हणून फळ्या मुद्दाम बाजारातून आणल्या. रोज संध्याकाळी मी त्या स्टुलावर बसायचो आणि ढिगाकडे बघत राहायचो. इतकी वर्षं किड्यांकडे बघितलं ते मारण्यापुरतं. आता कळलं, की एक पान संपवायला किती जण लागतात. एक जण कडा कुरतडतो, दुसरा मऊ भाग खातो, शिरा तशाच ठेवतो. त्याची विष्ठा तिसरा खातो. कुणाला घाई नाही. मी ढिगात एक काठी खोचून उंचीच्या खुणा केल्या होत्या. तीन महिन्यांत ढीग वीतभर खाली बसला आणि मी सगळ्यांना फोन केले.

ताई अधूनमधून काठी टेकत यायची, हात घालायची, आणि जायची. एकदा म्हणाली, "पानं होताहेत. पण खोकी बघ, तशीच आहेत. काटक्या तशाच. लाकूड संपवायचं तर वाळवीच हवी. अशाने लागवडीपर्यंत माती होत नाही."

बाईंच्या घमेल्यांतून वाळवी आली नव्हती. ती येतही नसते. टोपलीतून उचलून आणलेल्या चार वाळव्या वसाहत करत नाहीत, त्यांना त्यांची राणी लागते, जमिनीखालचं त्यांचं घर लागतं. हे मला माझ्या धंद्याने शिकवलेलं. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, ती आपण होऊन येते, फक्त तिला खायला आणि ओल मिळायला हवी. तेव्हा ती धमकी असायची. आता मी रोज खोकी भिजवायचो आणि वाट बघायचो. लागवडीला दोन महिने उरले. मग दीड. भाचीचा फोन आला की खोलीला रंग लावून झाला, कपाट कुठल्या भिंतीला ठेवू? ताई म्हणाली, "खिडकीशेजारी." मी तिथेच उभा होतो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी स्टुलावर बसलो, तर ते जरा कुरकुरलं. सवयीने स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि पायावर मूठ आपटली.

पोकळ.

मी स्टूल उलटं केलं. पायाच्या आतल्या बाजूने, जमिनीपासून वीतभर, ओलसर मातीची बोटभर नळी चढली होती. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. जुनी, सोडून दिलेली असेल तर? त्या खेपेला मी जिवावर उदार होऊन परीक्षा घेतली. नळी मध्येच अंगठ्याएवढी फोडली. आत दोन-तीन पांढुरकी अंगं लगबगीने खाली गेली. मी स्टूल होतं तसं, त्याच जागी, त्याच खड्ड्यांत पाय ठेवून उभं केलं आणि घरी आलो. ताईला काही सांगितलं नाही. आणखी एक खोटी आशा तिला द्यायची माझी हिंमत नव्हती.

चार दिवस मी कामात काय केलं ते विचारू नका. एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात औषधासाठी भोकं पाडायची होती, ती मी शेजारच्या खोलीत पाडली.

चौथ्या दिवशी सकाळी टाकीमागे गेलो. गुडघ्यांवर बसलो, मान वाकडी करून स्टुलाखाली बघितलं. फोडलेली जागा बुजवलेली होती. जुन्या मातीपेक्षा थोडी गडद, अजून ओली. एकतीस वर्षांत हे दिसलं की मी गिऱ्हाइकाला म्हणत आलो, "वाईट बातमी आहे." मी तिथूनच हाक मारली, "ताई."

ती आली. मी स्टुलाचा पाय दाखवला. तिने वाकून बघितलं, मग तळाच्या खोक्याची एक कड उचलली. पुठ्ठ्याची खालची बाजू मातीने सारवल्यासारखी झाली होती आणि कड तिच्या हातातच सुटी झाली. तिने काठी माझ्याकडे दिली, बाही वर केली, आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिने डोळे मिटले.

"ऊब आहे," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "आहेत सगळे." ते ती माझ्याशी बोलली नव्हती.

हात बाहेर काढून तिने मूठ उघडली, वास घेतला, आणि मूठभर माती माझ्या तळहातावर ठेवली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "भाचीला फोन लाव तुझ्या. म्हणावं, कपाट हवं त्या भिंतीला ठेव. मला नको ती खोली."

बसायला म्हणून मी स्टूल ओढायला गेलो.

"ठोक्या," ताई म्हणाली, "ते राहू दे त्यांना. तू खाली बस."

मी खाली बसलो. ती चहा आणायला घरात गेली, आणि जाता जाता मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, की दोन कप आणते, थांब.